सरळ जाण्यातली वक्रता

सोलापूर ते नळदुर्ग हे अंतर आम्ही चौघे प्राध्यापक गेली काही वर्षे एकाच जुन्या मोटारीतून कापत आलो आहोत. गाडी डावीकडे ओढते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. ज्याच्या हाती स्टेअरिंग असे तो ते किंचित उजवीकडे धरून ठेवी, आणि गाडी सरळ जाई. दोषाची सवय झाली की तो दोष वाटेनासा होतो. आमचेही तसेच झाले होते.

गेल्या पावसाळ्यात हैदराबाद रस्त्यावर पुढचे डावे चाक पंक्चर झाले. जवळच्या गॅरेजातल्या तरुणाने चाक काढले, उलटे करून आमच्यासमोर ठेवले आणि एवढेच म्हणाला, "सर, टायर आतून खाल्लंय बघा." बाहेरून नक्षी शाबूत होती, आतल्या कडेला मात्र रबर झिजून तारा दिसू लागल्या होत्या. त्या टायरवर आम्ही रोज ताशी ऐंशीच्या वेगाने चौघांचे जीव घेऊन जात होतो. आम्ही गप्प झालो. त्या शांततेतच आमच्यापैकी एकीने त्याला ओळखले. तो आमचाच विद्यार्थी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मराठीचा वर्ग सोडून गेलेला. त्याच्याविषयी प्राध्यापक-कक्षात आम्ही एका शब्दात निकाल दिला होता : भरकटला.

नुसता टायर बदलून भागणार नाही, असे त्याने सांगितले. आधी त्याने चाक धरून हलवून पाहिले. लोअर आर्मचे बुश गेले होते. "आधी प्ले काढायचा, मग माप घ्यायचं. सांधाच ढिला असेल तर आजचं माप उद्या राहत नाही." बुश बदलल्यावर त्याने चाकांना सेन्सर लावले आणि पडद्यावर आकडे उमटू लागले. त्यांचा अर्थ सांगताना तो स्वतःच आमच्यासमोर उभा राहिला. पायांचे अंगठे आत वळवले, ते टो-इन. बाहेर फाकवले, ते टो-आउट. चाक समोरून पाहता वरच्या बाजूने आत झुकले, तर निगेटिव्ह कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसा चाक वळण्याच्या अक्षाचा जो कल, तो कॅस्टर. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्यात या कलाचाही वाटा असतो.

आमची समजूत अशी की, गाडी सरळ जायची तर चाके काटेकोर उभी आणि समांतर हवीत. तो हसला. गाडी धावू लागली की रस्त्याचा विरोध, इंजिनाची ओढ आणि माणसांचे वजन चाकांना आपापल्या दिशेने ढकलतात. म्हणून ती उभी असतानाच चाकांना थोडा तिरकेपणा द्यायचा, म्हणजे धावताना ती सरळ होतात. हा तिरकेपणा अंशातच नव्हे, तर कलांमध्ये मोजतात. साठ कलांचा एक अंश. मग त्याने आम्हां चौघांना गाडीत बसायला लावले. "रोज चौघं जाता ना? मग रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?" आम्ही बसलो तशी गाडी दबली आणि पडद्यावरचे आकडे खरोखरच सरकले.

ही रीत तो शर्यतीच्या गाड्यांवरून शिकला होता. त्यातही त्याचे प्रेम ड्रिफ्टवर. जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलेला आणि केइची त्सुचिया या चालकाने प्रसिद्धीस आणलेला हा प्रकार. गाडीचे तोंड वळणाच्या आत, मागची चाके घसरत बाहेर, आणि पुढची चाके घसरणीच्या दिशेने उलटी वळवलेली. त्यासाठी पुढच्या चाकांना कित्येक अंश निगेटिव्ह कॅम्बर देतात. मागची मात्र जवळजवळ उभी ठेवतात, कारण इंजिनाचा जोर तिथेच रस्त्याला लागायचा असतो. कॅस्टर एवढा वाढवतात की, गाडी घसरू लागताच स्टेअरिंग आपोआप उलटे फिरते. चालकाने ते क्षणभर हातातून सुटू द्यायचे आणि नेमक्या वेळी धरायचे. "रस्त्यावर नाही हां सर, तो गुन्हा आहे. हे ट्रॅकवरचं काम," असेही त्याने बजावले.

आमच्यापैकी एकाने विचारले, "म्हणजे ड्रिफ्ट म्हणजे भरकटणेच ना?" तो म्हणाला, "नाही सर. भरकटणाऱ्याला कुठं जायचं ते ठाऊक नसतं. याला ठाऊक असतं, फक्त तोंड तिकडं नसतं."

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात ते जुने विशेषण होते की नव्हते, कोण जाणे. उत्तर मात्र आम्हां चौघांनाही लागले.

दरवर्षी आम्ही वर्गात कुंतक शिकवतो. दहाव्या-अकराव्या शतकातला हा काश्मिरी आचार्य 'वक्रोक्तिजीवित'मध्ये वक्रतेलाच काव्याचा प्राण मानतो. वर्णापासून प्रबंधापर्यंत तिचे सहा प्रकार सांगतो. शैलीला तो 'मार्ग' म्हणतो आणि कोणत्याही मार्गावर औचित्य सुटू देत नाही. फळ्यावर हे सहा प्रकार आम्ही किती वेळा लिहिले असतील! पण वक्रता म्हणजे सरळपणाला जोडलेला अलंकार, असेच विद्यार्थ्यांच्या मनात ठसत राहिले, कदाचित आमच्याही. पोहोचण्यासाठीच तिरके व्हावे लागते, आणि ते किती, हे वाहणारा भार ठरवतो, ही गोष्ट आम्हांला एका खड्ड्यावर उभ्या केलेल्या मोटारीत बसून कळली.

निघताना त्याने आमच्या गाडीचे आकडे एका वहीत उतरवून घेतले. आधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी. वही जुनी होती. पुढच्या पानांवर आम्ही सांगितलेली काव्यप्रयोजनांची टिपणे होती. ती अर्ध्या वाक्यावर थांबलेली, आणि पुढच्या ओळीपासून गाड्यांची मापे सुरू झालेली. ते वाक्य का थांबले, हे त्या वर्षी आम्ही त्याला विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. वडील अंथरुणाला खिळले होते, एवढेच तो म्हणाला आणि पान्याने शेवटचा चेकनट आवळू लागला.

आता गाडी ओढत नाही. परतताना बराच वेळ स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवण्याची हातांची सवय मात्र जात नव्हती, आणि त्यामुळे दुरुस्त झालेली गाडीच उजवीकडे जाऊ पाहत होती. हजेरीपटावर लाल रेघ ओढलेली अशी आणखी कितीतरी नावे आहेत. त्या वर्षांचे पट अजून आमच्या कपाटात आहेत.