बाई, बाण पळतोय!



यंदा मुलांना शिकवता शिकवता मीच एक धडा शिकले. थोडा लाजिरवाणा आहे, तरी सांगते.

मी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत शिकवते. आमच्या संगणक कक्षात आठ संगणक. सात सनमायकाच्या टेबलांवर आणि आठवा ऑफिसातून आलेल्या जुन्या टेबलावर. त्यावर जाड काच, काचेखाली कधीकाळचं वेळापत्रक.

सातवीतली मुलं हजेरी क्रमांकाने बसतात. आठव्या संगणकावरचा मुलगा जूनपासून एकच तक्रार करायचा, "बाई, बाण पळतोय." कर्सरला आमची मुलं बाणच म्हणतात. मी लांबूनच सांगायचे, "माउस नीट धर. आपटू नकोस." एकदा तर बोलून गेले, "बाकी सात जणांचा बरा पळत नाही?" वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याची तक्रार बंद झाली. मला वाटलं, जमलं याला.

ऑगस्टमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. पेंटमध्ये घर काढायचं, रंग भरायचा, फाइल सेव्ह करायची. याच्या भिंती वेड्यावाकड्या, एका कोपऱ्यात फट. रंग ओतला तो फटीतून बाहेर पडून सगळ्या कागदभर पसरला. दहापैकी तीन गुण दिले आणि शेरा लिहिला, 'सराव हवा'.

त्याच आठवड्यात कल्याणला घरी मी लेकीच्या लॅपटॉपवर गुणतक्ता भरत होते. टचपॅडवर बोट ठेवलं की बाण थरथरायचा, भलत्याच रकान्यात उडी मारायचा. मी लगेच ओरडले, "अगं, तुझा लॅपटॉप बिघडलाय!"

ती म्हणाली, "आई, थांब. आधी चार्जर काढून बघ." काढला, बाण शांत. लावला, पुन्हा थरथर. तीन पिनांचा प्लग आम्ही दोन पिनांच्या जुन्या ॲडॅप्टरमधून लावला होता, त्यामुळे अर्थिंग मिळत नव्हतं. बोट टेकलं की होणारा बारीकसा विद्युत बदल टचपॅड ओळखतो. अर्थिंग नसलं, तर चार्जरकडून येणाऱ्या विजेच्या गडबडीने तो फसू शकतो.

तक्ता पूर्ण झाला, पण त्या तीन गुणांपाशी मन अडकलं. घरी बाण उडाला तेव्हा मी यंत्राला दोष दिला. स्वतःच्या हाताबद्दल शंकासुद्धा आली नाही. शाळेत तोच बाण उडाला, तर मुलाच्या हाताला दोष दिला.

मी २००४ साली ठाण्याला एमएस-सीआयटी केलं. तेव्हा गोळीचे माउस होते. बाण अडकला की आमचे सर म्हणायचे, "गोळी काढा, आतला मळ पुसा." 'तुम्हाला धरता येत नाही' असं त्यांनी आम्हा शिकाऊ बायकांना एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाला घेऊन कक्षात गेले. म्हटलं, "आपण दोघं शोधू या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

त्याचा माउस सातव्या संगणकाला लावला. छान चालला. म्हणजे माउस ठीक. सातव्याचा माउस आठव्याला लावला, तर बाण पळाला. मग मी स्वतः बसले. माझ्याही हातात पळाला! तो खाली मान घालून हसला. म्हणजे हातही ठीक. मग तोच हळूच म्हणाला, "बाई, काचेमुळे होत असेल का?" माउसखाली त्याची वही ठेवली. बाण सुतासारखा सरळ.

कारण साधं आहे. आजच्या माउसच्या पोटात दिवा आणि छोटासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेतो आणि ती ताडून माउस किती सरकला ते ठरवतो. कागदावर, लाकडावर बारीक खुणा असतात. स्वच्छ काचेवर त्याला धरायला काही सापडत नाही.

"बाई, मी सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला.

मी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि परीक्षा पुन्हा घेतली. आठ गुण मिळाले. दार छपरापेक्षा उंच काढलं होतं म्हणून दोन गेले. पण तो अजून पटकन हात वर करत नाही. त्याला वेळ लागेल. तो वेळ मी वाया घालवलाय.

घरी किंवा शाळेत अशी अडचण आली, तर एवढं करून पाहा:

१. बाण उडत असेल, तर माउस उलटा करून भिंगाच्या खाचेत केस किंवा धूळ अडकली आहे का ते बघा. खाली पॅड किंवा साधा कागद ठेवा.

२. वायरलेस माउस अडखळत असेल, तर आधी सेल बदला. मग रिसीव्हर सीपीयूच्या मागून काढून पुढच्या बाजूला लावा.

३. स्क्रोल करताना पान मागेपुढे उड्या मारत असेल, तर चाकात धूळ असू शकते. पान कायम उलट्या दिशेने सरकत असेल, तर तो बहुधा बिघाड नसतो. सेटिंगमध्ये दिशा बदलता येते.

४. एका क्लिकला दोन क्लिक होत असतील, तर माउस दुसऱ्या संगणकाला लावा. तिथेही तेच झालं, तर बटण झिजलंय.

५. टचपॅड बिथरला, तर बोटं कोरडी करा आणि चार्जर काढून बघा. पण टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, मुलांच्या हाती देऊ नका; थेट दुरुस्तीला न्या.

आणि या सगळ्याच्या आधी, मूल "पळतोय" म्हणालं की त्याच्या जागेवर बसून माउस एकदा स्वतः हलवून बघा. मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी अडीच महिने लावले.