ब्रिस्टल ते एव्हबरी : एक संमिश्र प्रवास

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेले आम्ही चौघे मित्र. त्यांपैकी एक नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि त्याच्या आग्रहावरून गतवर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही उरलेले तिघे तिकडे गेलो. लंडन पाहून झाल्यावर मोटारीने पश्चिमेकडे निघालो आणि ब्रिस्टल शहर व त्याच्या पूर्वेकडील ग्रामीण भाग असा चार दिवसांचा प्रवास घडला. परदेशाची वाहवा करणारी प्रवासवर्णने पुष्कळ आहेत. आज आपल्या विद्यालयातील अनेक मुलेमुली परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहत आहेत. त्यांच्यापुढे व त्यांच्या पालकांपुढे खरे चित्र यावे, म्हणून आम्ही गोड आणि कडू दोन्ही सांगणार आहोत.

ब्रिस्टल हे बंदराचे शहर. एव्हन नदीच्या खोल दरीवर ब्रुनेलच्या आराखड्यानुसार उभारलेला आणि १८६४ मध्ये खुला झालेला झुलता पूल पाहताना मान आपोआप वर होते. परंतु या शहराच्या वैभवात गुलामांच्या व्यापाराचा पैसा मोठ्या प्रमाणात मुरलेला आहे. एडवर्ड कोल्स्टन हा त्या व्यापारातील बडा भागीदार. त्याने शहरास देणग्या दिल्या म्हणून १८९५ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी तो पाडून बंदराच्या पाण्यात लोटला. आता तो बंदरावरील संग्रहालयात आडवा ठेवलेला आहे. निदर्शकांनी फासलेला रंगही त्यावर तसाच राखला आहे. आपल्या शहराची लाजिरवाणी गोष्ट न झाकता लोकांसमोर मांडण्याचे हे धैर्य आम्हांस फार मोलाचे वाटले.

बसस्थानकातील एका स्मृतिफलकासमोर मात्र आमचा पाय अधिक काळ रेंगाळला. १९६३ साली या शहरातील बस कंपनी कृष्णवर्णीय व आशियाई माणसांना चालक-वाहक म्हणून घेत नसे. गाय बेली नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाची मुलाखत तो वेस्ट इंडियन आहे हे कळताच रद्द झाली. पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, कंपनीने ही बंदी उठविल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात रघबीर सिंग हे शीख गृहस्थ पहिले गौरेतर वाहक म्हणून रुजू झाले. मुंबईला सरावलेल्या आमच्यासारख्यांना बसचा वाहक ही रोजची ओळख. त्या खाकी थैलीसाठीही कुणाला लढावे लागले, हे वाचून मन भरून आले.

त्याच संध्याकाळी दोन कडू घोट प्यावे लागले. बंदराच्या रस्त्याने चालत असता एका धावत्या मोटारीतील तरुणांनी आम्हांस उद्देशून आपल्या देशात चालते व्हा, असे ओरडून सांगितले. हे ऐकण्याची तयारी मनाने कधीच केलेली होती. दुसरा घोट अनपेक्षित होता. एका भारतीय खानावळीत मालकाने मोठ्या अगत्याने स्वागत केले, मराठी ऐकून तो आनंदला, जवळ येऊन बसला. मग गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव ऐकताच त्याचे बोलणे आवरते झाले आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला, तो पुन्हा आला नाही. अपमानाचा एकही शब्द त्याने उच्चारला नाही. तक्रार तरी कशाची करावी? आमचा तेथे राहणारा मित्र म्हणाला, "हे मला नवीन नाही. रंगाचा प्रश्न इथल्या लोकांना समजतो, आडनावाचा समजावून सांगावा लागतो." ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश व्हावा म्हणून तेथील आपल्या बांधवांनी दीर्घकाळ लढा दिला. २०१३ मध्ये संसदेने तशी तरतूद केली, परंतु २०१८ मध्ये शासनाने ती अंमलात न आणण्याचा निर्णय घेतला. समुद्र ओलांडल्याने जात गळून पडत नाही, हे परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी आधीच जाणून असावे.

दुसऱ्या दिवशी बाथच्या रस्त्याला लागताना आर्नोस व्हेल दफनभूमीत थांबलो. १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे निधन पावलेल्या राजा राममोहन रॉय यांची समाधी तेथे आहे. इंग्रजी झाडांच्या सावलीत भारतीय धाटणीची छत्री पाहून क्षणभर दिशाभूल होते.

बाथ धावतपळत पाहून पुढे निघालो. काल्न गाव मागे पडल्यावर टेकडीच्या उतारावर, गवत खरवडून खडूच्या खडकात कोरलेला पांढरा घोडा दिसतो. तो १७८० सालचा. पुढे पाऊस सुरू झाला आणि दोन्ही बाजूंनी उंच कुंपणझाडे असलेल्या अरुंद गल्लीत आमचे चाक पंक्चर झाले. भाड्याच्या मोटारीत स्टेपनी नव्हती. कित्येक मोटारी बाजूने निघून गेल्या. अखेर ट्रॅक्टरवरून जाणारा एक वृद्ध शेतकरी थांबला. त्याने ओळखीच्या गॅरेजला फोन केला, आम्हांस घरी नेऊन चहा दिला. आमचे नाव-गाव त्याने विचारलेच नाही. आमच्याकडे पाऊस किती पडतो, एवढेच विचारले.

त्याच्या शेतातून एक पायवाट जात होती आणि पाठीवर पिशव्या घेतलेली अनोळखी माणसे त्यावरून खुशाल चालली होती. मालकीच्या शेतातील अशा सार्वजनिक पायवाटांवरून चालण्याचा हक्क इंग्लंडमध्ये कायद्याने प्रत्येकास आहे. नांगरणीनंतरही शेतकऱ्याला ती वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. मोकळ्या डोंगरमाळांवर फिरण्याचा हक्क मात्र सहजी मिळाला नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर सामुदायिक प्रवेश करणाऱ्यांपैकी पाच तरुणांना तुरुंगवास भोगावा लागला. त्याच्या पाचच वर्षे आधी महाडच्या तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळ भरली होती, याची आठवण आम्हां चौघांनाही एकाच वेळी झाली.

सिल्बरी टेकडी दुरून थेट स्तूपासारखी भासली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी हाताने रचलेला तो ढिगारा आहे. जवळच एव्हबरी येथे प्रचंड शिळांच्या वर्तुळात गावाचा काही भाग वसला आहे. तेथे मेंढ्या चरतात आणि शिळांना कुणीही हात लावू शकतो.

परतताना आम्ही चौघांनी एक निश्चय केला. आपल्या विद्यालयाचा जो विद्यार्थी वा विद्यार्थिनी शिक्षणासाठी इंग्लंडला जाईल, त्यांच्या पहिल्या महिन्याच्या निवासाची सोय आमचा तेथील मित्र करील आणि खर्चाचा वाटा आम्ही तिघे उचलू. पालकांनी निःसंकोचपणे विद्यालयाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. मुलांना अवश्य पाठवावे. तेथे आडनाव विचारणारेही भेटतील, भर पावसात ट्रॅक्टर थांबविणारेही भेटतील. पहिल्या रात्री मात्र त्यांच्यासाठी आपल्या माणसाचे दार उघडे असेल.