आधी माप

आमच्या जिल्ह्याबद्दल एक म्हण आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच! घरी कॉकटेल बनवायला लागलो तेव्हा हीच म्हण कामाला आली. ऑनलाइन पाहिलं तर बारा नगांचे बार सेट, लाकडी स्टँडसकट. त्यातले निम्मे नग आमच्या स्वयंपाकघरात वेगळ्या नावांनी आधीच नांदत होते. बारापैकी खरंच काय लागतं, हे दोन वर्षांत कळलंय, ते सांगतो.

त्याआधी एक कागद. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो, आणि रम-व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. दुकानात कोणी विचारत नाही, म्हणून बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. मी परवाना काढला. पुढे जे घडलं त्यात या कागदाचा थोडा हात आहे, कारण त्यामुळे बाटली कपाटात कपड्यांमागे ठेवायची गरज उरली नाही.

आता शेकर. फिरकीच्या झाकणाचा उभट स्टीलचा डबा चालतो. झाकण घट्ट बसलं पाहिजे, एवढीच अट. ज्यात लिंबू, दूध किंवा फळाचा रस आहे ते हलवायचं, ज्यात नुसतीच दारू आहे ते ढवळायचं. ढवळायला लस्सीचा लांब चमचा पुरतो. हलवायचं दहा-बारा सेकंद, डबा हाताला झोंबेपर्यंत. बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो, त्यामुळे पेय गार होतं आणि त्यात पाणीही मिसळतं. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, ते कृतीतच धरलेलं असतं.

गाळायला चहाची गाळणी, फक्त ती वेगळी ठेवा, नाहीतर सगळ्याला चहाचा वास लागतो. लिंबासाठी घरातला पिळणी-चिमटा. पुदिन्यासाठी खलबत्ता नको, कारण पुदिना वाटला की कडवट होतो. लाटण्याच्या टोकानं ग्लासातच दोनदा दाबला तरी वास सुटतो.

बर्फाचं मात्र परभणीत अवघड आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात लाइट गेली की फ्रीजरमधलं सगळं पाणी. ट्रेमधले छोटे तुकडे ग्लासात पडताच विरघळतात. मी स्टीलच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी गोठवतो. एकच मोठा गोळा, वजनाच्या मानानं पृष्ठभाग कमी, म्हणून वितळतो सावकाश. बाहेरून बर्फ आणलाच तर निळा आणू नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम राज्यात २०१८ पासून आहे.

गोडीसाठी साखरेच्या पाकाऐवजी काकवी. रम बनते उसाच्या मळीपासून, आणि गोदाकाठानं पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडे गेलात तर दोन्ही बाजूंना ऊसच. म्हणजे क्युबाची डायक्विरी आमच्याकडे निम्मी घरचीच. ४५ मिली रम, २० मिली लिंबाचा रस, १५ मिली काकवी.

हे आकडे आले की साधनांतलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचं साधन येतं: माप. इंग्रजीत जिगर म्हणतात. एका टोकाला ३० मिली, दुसऱ्या टोकाला ६०. बाकी सगळ्याला घरात पर्याय सापडला, मापाला सापडला नाही. मी एवढंच विकत आणलं.

आईनं ते चमच्यांच्या स्टँडमध्ये पाहिलं.

“हे काय आणलंस? डोळ्यात औषध घालायचंय का?”

मी सांगितलं. तिनं उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं. आमच्या घरात दारूवर बोलणं होत नाही. माझे धाकटे काका दारूनं गेले. वय ४४. देशीच्या दुकानाबाहेर उभं राहून, पाणीही न घालता. मला आठवतात ते त्यांचे पिवळे डोळे आणि दवाखान्यातून परत आणलेला त्यांचा डबा.

मी आईला मापाचं गणित समजावलं. आपल्याकडच्या दारूत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीत साधारण १० ग्रॅम. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. काकांना दुकानानं बाटली हेच माप दिलं होतं, उघडली की संपवायची. मी ४५ मिली मोजतो, शनिवारी, जास्तीत जास्त दोनदा, आणि एकेक बनवायला दहा मिनिटं लागतात.

आई म्हणाली, “तुझे काका बी पहिल्या वर्षी टोपणानं मोजूनच घ्यायचे.”

“मग?”

“मग टोपण हरवलं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगून टाकलंय की दारूचं अगदी सुरक्षित असं प्रमाणच नाही. माप हातात आहे म्हणून माणूस सुरक्षित होत नाही. मराठवाड्यातल्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. ‘आडवी बाटली’साठी मतदानाला रांगा लावणाऱ्या बायका दारूच्या चवीवर चिडलेल्या नसतात, पगाराच्या दिवशी घरी न पोचलेल्या पैशांवर चिडलेल्या असतात. त्याच्याही आधी, १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, इथल्या लोकांनी निजामाच्या आबकारी उत्पन्नावर घाव म्हणून शिंदीची झाडं तोडली होती. आमच्या भागात दारू ही कधीच फक्त पिणाऱ्याची खासगी गोष्ट नव्हती.

दोन दिवसांनी रमच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. तिच्या एका कडेला कात्रीनं सारख्या अंतरावर खाचा केलेल्या. पूर्वी कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला लावून द्यायचा तशी. आईनं माझंच माप घेऊन, पाण्यानं मोजून, शेजारच्या रिकाम्या बाटलीवर आधी आखून पाहिलं होतं. सोळा खाचा, वर थोडी शिल्लक.

ती काही बोलली नाही. बाटली तिनं फेकली नाही, हे मला जास्त वाटलं. आता रविवारी सकाळी चहा ठेवताना ती पट्टीकडे एकदा बघते. मला ते आवडतं असं नाही. एकतीस वर्षांच्या माणसाला कुणी मोजावं हे जरा खटकतंच. पण काकांचं टोपण हरवलं तेव्हा ते कुणाला कळलंच नव्हतं, आणि माझं हरवलं तर चोवीस तासांत कळेल.

तर, कुणी विचारलंच तर माझी यादी छोटी आहे. घट्ट झाकणाचा डबा, वेगळी गाळणी, लांब चमचा, वाटीभर बर्फ. आणि माप, पण ते घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. तशी जागा तुमच्या घरात नसेल तर तूर्त काकवी, लिंबू आणि सोडा एवढंच त्या डब्याबाहेर ग्लासात एकत्र करून बघा. उन्हाळ्यात तेही झकास लागतं. आई त्यात चिमूटभर सैंधव घालते.