पळीभर पाणी, घासभर काला



पंचेचाळीस वर्षे टाळ हातात घेऊन आपल्यापुढे उभा राहिलो. आता गळा साथ देत नाही, म्हणून बसून लिहितो. आज अभंगाचे निरूपण करणार नाही. आज माझ्या पोटाची गोष्ट सांगायची आहे. हसू आले तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण या गोष्टीत माझ्याकडून एक चूक घडली आहे आणि ती आपल्यासारख्याच एका श्रोत्याला भोवली आहे.

विद्यार्थिदशेत आळंदीला होतो तेव्हा माधुकरी मागून जेवत असे. मिळेल ती भाकरी, मिळेल ते कालवण. तेव्हा माझ्या बरगड्या मोजता येत. पुढे कीर्तने लागली, सप्ताह लागले आणि पंगतीत पाट मिळाला. कीर्तनकाराला लोक प्रेमाने वाढतात. ‘महाराज, एक पोळी माझ्याकडून’ असे म्हणत एकेक माऊली येते आणि नाही म्हटले तर तिचा चेहरा उतरतो. मी कोणाचा चेहरा उतरू दिला नाही. रात्री साडेअकराला कीर्तन संपायचे आणि बाराला पुरणपोळी, आमटी, भात, वर दूधतूप. लगेच झोप. पहाटे काकड्याला उठायचे, चहा आणि शिरा. वर्षातले दोनशे दिवस असे गेले.

आणि याच तोंडाने मी काय सांगत होतो? जिव्हा जिंकावी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर बोलताना सांगायचो, अति खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. आहार मोजका हवा. श्रोते माना डोलवायचे. कीर्तन आटोपले की मी सहा पोळ्या खायचो.

साठी उलटली तेव्हा उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 124 किलो. मधुमेह होता, इन्शुलीन चालू होते. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. गुडघे तर असे, की कीर्तनात पाऊल टाकताना टाळकरी एक डोळा माझ्यावर ठेवत. वारीत मी दिंडीच्या ट्रकमध्ये बसू लागलो. दिवे घाट माणसे नाचत चढायची आणि मी काचेतून बघायचो. पायी वारी सुटणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

आहार कमी करून पाहिला. दहा किलो उतरायचे, एक चातुर्मास गेला की बारा चढायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया सुचवली. म्हणाल्या, ‘बाबा, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकायचा. उरलेली नळी केळ्याएवढी राहील. पण हे ऐका, मी पोट लहान करीन, मन नाही.’ त्या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही.

2018 च्या कार्तिकी एकादशीनंतर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ होते, यकृताची सूज उतरावी म्हणून. पोटावर पाच लहान छिद्रे, दुर्बिणीतून सगळे काम. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो.

पहिले पाणी मिळाले ते औषधाच्या झाकणातून, तीस मिलिलिटर. ते प्यायला मला पंधरा मिनिटे लागली. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणारा माणूस मी! घोट मोठा झाला की छातीत कळ यायची. घरी आल्यावर सौभाग्यवतीने देवघरातले पंचपात्र आणि पळी आणून माझ्या हाती दिली. म्हणाली, ‘तीर्थ घेता तसे घ्या.’ दिवसाला दीड लिटर पाणी पोटात जायलाच हवे असे सांगितले होते. ते पळीपळीने, दिवसभर. नामस्मरणाची माळ ओढताना चार मणी झाले की एक पळी, असा नेम बांधला. मला वाटते, तीर्थ इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी घेतले नव्हते.

पहिले दोन आठवडे पातळ ताक, गाळलेले मुगाच्या डाळीचे पाणी, नारळपाणी, दुधात प्रथिनांची भुकटी. पुढचे दोन आठवडे घोटलेले वरण, कुस्करलेला भोपळा. मग गुरगुट्या भात, मऊ पनीर, दही. दोन महिन्यांनी साधे जेवण सुरू झाले, तेही वाटीच्या मापाने. सूनबाईने माझ्यासाठी बाळाची वाटी काढली, नातवाच्या उष्टावणाची चांदीची वाटी. आजोबा त्या वाटीतून जेवतात म्हणून नातू टाळ्या पिटायचा.

नियम सांगतो, कारण अनेक जण विचारतात. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास थांबायचे. घास सुपारीएवढा आणि त्याचे तोंडात पीठ होईपर्यंत चावायचे. पहिल्यांदा डाळ, उसळ, पनीर, म्हणजे प्रथिने; भात-भाकरी सगळ्यांत शेवटी, जागा उरली तर. पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी ढेकर नाही. उरोभागी थोडा दाब येतो, कोणाला उचकी लागते. त्या खुणेनंतरचा एक घास म्हणजे उलटी. गोळ्या जन्मभर: लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-12. आम्हा माळकऱ्यांना बी-12 मुळातच कमी पडते, त्यात हे जठर लहान झालेले. काही औषधांची कॅप्सूल जिलेटीनची असते, ते प्राण्यांपासून बनते. गळ्यात माळ आहे हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितले, तर त्यांनी साध्या गोळ्या लिहून दिल्या. लाजून गोळ्या टाळू नयेत, विचारावे. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले आणि पुढे पुन्हा आले.

आता भुकेचे सांगतो. जठराचा जो भाग काढतात, तिथेच भूक लावणारा घ्रेलिन नावाचा स्राव मुख्यतः तयार होतो. तो कमी झाला आणि माझी भूक निघून गेली. सकाळ उलटली तरी खायची आठवण होत नसे. मला वाटले, जिंकली जिव्हा! आणि त्याच दिवशी दुपारी शेजारी कोणी कांद्याची भजी तळली. पोटात भूक नाही, पण डोळ्यांत पाणी आले. मी देवघरात जाऊन बसलो. तेव्हा डॉक्टरीणबाईंचे वाक्य आठवले. भूक पोटाची होतीच कुठे? दमलो की खायचे, कीर्तन रंगले की खायचे, रंगले नाही तरी खायचे. ती सगळी खाणी तशीच मनात रांग लावून उभी होती. फक्त त्यांना जायला जागा उरली नव्हती.

तीन महिन्यांनी एका सप्ताहाला गेलो. पंगतीत यजमानीणबाईंनी ताटात ज्वारीची भाकरी ठेवली, गरम, पापुद्रा सुटलेली. बोलता बोलता मी घाईने दोन घास घेतले. छाती आवळली, तोंडाला लाळ सुटली आणि मंडपामागे जाऊन मी ओकलो. परत आलो तर त्या माऊली उभ्या. ‘महाराज, माझ्या हातचं नको झालं का?’ मी म्हणालो, ‘पित्त झालंय हो.’

ही माझी पहिली थाप. शस्त्रक्रिया झाल्याचे मी घराबाहेर कोणालाच सांगितले नव्हते. लाज वाटायची. जिव्हा जिंका म्हणून सांगणारा महाराज पोट कापून आला, असे लोक म्हणतील ही भीती. आठ महिन्यांत तीस किलो उतरले. डॉक्टरांनी इन्शुलीन बंद केले. 2019 च्या आषाढीला वाखरीपासून पंढरपूरपर्यंत मी पायी चाललो आणि कळस दिसला तेव्हा रडलो. लोक विचारायचे, ‘महाराज, कसं हो उतरलं?’ मी हात जोडायचो. ‘पांडुरंगाची कृपा. एकादशी कडक धरली आणि जिभेला लगाम घातला.’ कृपा खरी होती. बाकीचे खोटे होते.

माऊली, आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. एका गावात माझ्या कीर्तनाला नेमाने येणारे एक दुकानदार होते. त्यांनाही मधुमेह, तेही वजनदार. त्यांनी माझे बोलणे मनावर घेतले. एकादशी निर्जळी सुरू केली, मग दर सोमवार, मग गुरुवारही. अन्न बंद, पण मधुमेहाच्या गोळ्या सकाळी उठल्याबरोबर चालूच. एका गुरुवारी दुकानातच साखर उतरून ते कोसळले. दवाखान्यात चार दिवस राहिले आणि वाचले. पुढच्या सप्ताहात ते माझ्या पाया पडायला आले आणि म्हणाले, ‘महाराज, माझी श्रद्धाच कमी पडली. तुम्हाला जमलं, मला नाही.’

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली नव्हती. माझे सत्य कमी पडले होते.

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. काल्याची कथा मी शेकडो वेळा सांगितली असेन. गोपाळ आपापली शिदोरी आणतात. कोणाची भाकरी, कोणाचे दही, कोणाची शिळी कण्या. देव सगळे एकत्र कालवतो आणि स्वतःच्या हाताने वाटतो. त्या दिवशी हंडी फुटण्याआधी मी थांबलो आणि सांगितले, ‘मंडळी, माझे पोट कापले आहे. उपासाने वजन उतरलेले नाही. मी आपल्याशी खोटे बोललो.’ मंडपात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग मी दुकानदारांकडे वळून हात जोडले. ते उठून पुढे आले आणि त्यांनी माझ्या कपाळी बुक्का लावला. विणेकऱ्याने विठ्ठल विठ्ठल सुरू केले, म्हणून बरे. माझा गळा दाटला होता.

नंतर काला वाटला. माझ्या तळहातावर आला तो एक घास. शेजारी पंच्याण्णव किलोचा पैलवान उभा होता, त्यालाही तेवढाच, आणि आईच्या कडेवरच्या पोराला तेवढाच. इतकी वर्षे काला सांगितला, पण काला पोट भरायला कोणाला मिळत नाही, घासभरच मिळतो आणि कोणीही ‘मला कमी आला’ म्हणत नाही, हे मी कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवसापासून प्रसाद नाकारण्याचे माझे भय गेले. मी शीत घेतो, कपाळाला लावतो, तोंडात ठेवतो आणि उरलेला प्रसाद शेजारच्या वारकऱ्याच्या हातावर देतो. 2022 साली पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चाललो. लोणंदच्या मुक्कामी एका आजीने भाकरी-पिठले आणले. मी म्हणालो, ‘आजी, माझं पोट नातवाएवढं आहे. एक घास तुमच्या हाताने भरवा.’ तिने भरवला. तिचा चेहरा उतरला नाही. उलट तिने माझ्या बोटांची आलाबला घेऊन कडाकडा बोटे मोडली.

एकादशीचे अनेकांनी विचारले. मी आता निर्जळी करत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पळीपळीने पाणी, दूध, दही, थोडी भगर किंवा राजगिरा घेतो. साबुदाणा टाळतो, पोटाला जड आणि त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. हरिपाठ आणि जागर पूर्वीसारखाच चालतो. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ही माझी हात जोडून विनंती.

सगळे गोड झाले असेही नाही. वजन 84 पर्यंत गेले, आता पुन्हा 89 आहे. जिभेला वाट सापडते. चिवडा थोडाथोडा खाल्ला तर लहान पोटही दिवसभर भरता येते. कातडी लोंबते. शिऱ्याचा प्रसाद दोन चमचे जास्त झाला की घाम फुटतो आणि छाती धडधडते. ही शस्त्रक्रिया करा किंवा करू नका, असे मी कोणालाच सांगणार नाही. तो ज्याच्या त्याच्या देहाचा आणि डॉक्टरांचा प्रश्न.

पण पंगतीत वाढणाऱ्या माऊलींना एक मागणे आहे. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर तो आपल्या प्रेमाला नाही म्हणत नाही. त्याला एक घास द्या आणि जवळ बसून दोन शब्द बोला. आणि माझ्या कीर्तनकार बंधूंना सांगतो, श्रोता आपला शब्द घरी नेतो आणि त्याप्रमाणे वागतो. म्हणून जे जगलो नाही, ते जगल्यासारखे सांगू नये.

ते दुकानदार आता दर पंधरवड्याला साखर तपासतात आणि आकडा मला फोनवर कळवतात. मी माझे वजन त्यांना सांगतो. दोघेही खरे सांगतो. मग दोघे मिळून हरिपाठ म्हणतो आणि फोन ठेवतो.

रामकृष्णहरी.