दुसरे पदक

मराठी शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. जुना शब्द नव्या कपड्यांत भेटला की थांबून त्याची विचारपूस केल्याखेरीज त्याला पुढे जाववत नाही. ‘पदक’ हा असाच एक शब्द. आपल्या पणजीच्या काळी पदक म्हणजे गळ्यातल्या माळेच्या मधोमध लोंबणारा दागिना. तो पुढे सैनिकाच्या छातीवर जाऊन बसला, आणि असा बसला की पदक म्हटल्यावर आता दागिना कोणाला आठवत नाही. दागिन्याचा एक गुण मात्र त्याने सोडलेला नाही. तो चारचौघांना दिसतो; त्यासाठी घरच्यांनी काय मोजले ते दिसत नाही.

हे मनात यायला कारण घडले ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये. ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर पुण्यात वारले. वर्तमानपत्रांत त्यांच्या नावापुढे दोन पदके होती: वायुसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक. परमवीर, महावीर, वीर ही चक्रे आपल्या ओळखीची. काश्मीरच्या १९४७-४८ च्या लढाईत हृषीकेश मुळगावकरांना महावीर चक्र मिळाले आणि पुढे ते वायुसेनाप्रमुख झाले, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या मानाने परुळकरांची पदके साधी. दुसरे तर नियमाप्रमाणे शौर्याचे पदकच नव्हे. ते सेवेचे.

पहिल्याची कथा सरळ आहे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला. उजव्या खांद्याला जखम झाली. ‘विमान सोडून उडी घ्या’ असा सल्ला तुकडीच्या नेत्याने दिला. परुळकरांनी तो मानला नाही. जखमी खांद्याने जखमी विमान त्यांनी तळावर आणून उतरविले. पदक मिळाले. कोणालाही पटावे असेच ते आहे. गेला, झुंजला, परत आला.

दुसऱ्याची कथा वेगळी. १९७१ साली ते सुखोई-७ चालवीत होते. ही रशियन बनावटीची लढाऊ बॉम्बफेकी विमाने. बसणारा एकटा, इंजिनही एकच. रणगाडे, तोफा, आगगाड्या टिपायच्या तर जमिनीच्या जवळ उतरावे लागे, आणि तितके खाली आले की जमिनीवरची प्रत्येक तोफ आपल्याकडे वळे. १० डिसेंबर १९७१ रोजी परुळकरांचे विमान पडले आणि ते युद्धकैदी झाले.

युद्ध आठवड्याभरात संपले, कैद संपेना. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी भिंत पोखरायला घेतली. बरोबर मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन साथीदार होते. १९७२ च्या ऑगस्टमधल्या १२ तारखेच्या रात्री वादळी पावसाचा आडोसा मिळाला आणि तिघे बाहेर पडले. बसने पेशावर गाठले. तेथून खैबरच्या वाटेने लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाणिस्तानची सीमा आता चार-पाच मैलांवर होती.

तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते रेल्वेचे शेवटले स्टेशन होते. पण तिथवर जाणारी आगगाडी १९३२ पासूनच बंद पडलेली! चाळीस वर्षे ज्याची चौकशी कोणी केली नाही, त्या गावची वाट हे परके विचारताहेत म्हटल्यावर एका कचेरीतल्या कारकुनाला संशय आला. तिघे पकडले गेले. हेर समजून त्यांचे काहीही झाले असते. पण परुळकरांनी छावणीच्या पूर्वीच्या प्रमुखाशी फोन जोडून मागितला. ज्याच्या छावणीतून पळालो, त्यानेच आपली ओळख पटवावी! तशी ती पटली आणि जीव वाचले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर ते वाघा सीमेवरून घरी परतले.

मी जामला राहतो. वर्धा जिल्ह्यातले हे गाव म्हणजे चौफुली. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता इथून जातो आणि वरोऱ्यावरून चंद्रपूरला जाणारा रस्ता इथेच फुटतो. त्यामुळे ‘कुठं जायचं?’ हा आमच्या गावचा रामराम आहे. उद्या एखादा अनोळखी माणूस बंद पडलेल्या थांब्याचे नाव विचारू लागला, तर आमच्याकडचा पानवालाही त्याला आपादमस्तक न्याहाळील. म्हणून तो कारकून मला अगदी डोळ्यांपुढे दिसतो.

ही हकिकत मी वर्गात सांगितली. आमच्या वर्गातली निम्मी मुले पहाटे रस्त्याच्या कडेने धावतात, भरतीसाठी. त्यांतला एक तीनदा जाऊन आला आहे. सैन्याची वयोमर्यादा उलटली. पोलीस भरतीत सोळाशे मीटर निघाले, पण गोळाफेकीत गुण गेले. कोरडवाहू कापसावर घर चालते आणि बाप म्हणतो, आता पुरे कर. त्याने विचारले,

“सर, ते तर पकडल्या गेले ना? मग पदक कायचं?”

मी म्हणालो, “अरे, पदक देणाऱ्यांनी सीमा किती राहिली ते पाहिलं नाही. भिंतीपासून किती आले ते पाहिलं.”

“त्यांचं पाहाले सरकार होतं, सर,” तो म्हणाला. “मले कोण पाहते?”

वर्ग हसला नाही. मीही व्याख्यान पुढे रेटले नाही. कारण त्याचे खरे होते. भरतीत नापास झालेल्या मुलाला कोणतेही सरकार पदक देत नाही, आणि देऊही शकणार नाही.

पोळ्याच्या दिवशी त्याच्या घरी जाणे झाले. बैलाला ओवाळून झाल्यावर त्याच्या आईने, मी मास्तर म्हणून असेल, लोखंडी पेटी उघडली. धुतलेल्या लुगड्याखाली कागदी चेस्ट नंबर होते. भरतीच्या मैदानात छातीवर लावतात ते. एक, दोन, तीन. घामाने कडा विरलेल्या. प्रत्येक वेळी पोरगा ते फेकून देई आणि माउली उचलून ठेवी.

“सर, पुढच्या खेपेले जाऊ देऊ का याले?” तिने विचारले. बाप उंबऱ्यात बसून बैलाच्या शिंगांकडे पाहत होता.

मी उत्तर दिले ते एवढेच, की गोळा कसा फेकावा हे शिकविणारा कोणी भेटतो का ते आधी पाहू. आणि तोपर्यंत त्याने पदवीची परीक्षा सोडू नये. मोठी वाक्ये मला येत नाहीत असे नाही, ती माझ्या धंद्यातलीच आहेत. पण त्या घरात ती शोभली नसती. बापाने मान हलविली, होकाराची की नकाराची ते कळले नाही.

‘विशिष्ट सेवा’ हे शब्द मला आजवर फार कोरडे वाटत. सरकारी भाषा म्हणून मी ते सोडून देत असे. एका वादळी रात्रीला, पोखरलेल्या भिंतीला आणि न गाठलेल्या सीमेला कोणी तरी हे नाव दिले, एवढे कळल्यापासून ते तसे वाटत नाहीत. त्या पेटीतल्या तीन कागदांना मात्र काय म्हणावे, ह्यासाठी शब्द मी अजून शोधतो आहे.