दगडाचे कूळ

मागल्या रविवारी घरच्या मुलांसह अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली. सुमारे २०० फूट उंचीचे काळ्या दगडाचे खांब एकमेकांस चिकटून उभे, माथ्यावर गावदेवी. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थिजला. धाकट्याने एक खडा उचलून विचारले, "हा इथलाच कशावरून?"

ऋषीचे कूळ पुसू नये. दगडाचे मात्र अवश्य पुसावे. कांदिवलीस टॉड यांना सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांचे वृत्त १९३९ साली प्रसिद्ध झाले. अशा हत्यारांचा दगड कोठला, हे कसे ओळखावे? ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेपुरते उत्तर १९६४ साली कॅन व रेनफ्रू यांनी दिले. बेरियम, झिर्कोनियम इत्यादींचे अत्यल्प अंश निरनिराळ्या ज्वालामुखींच्या काचेत निरनिराळे असतात. रासायनिक पृथक्करणाने ते ताडून पाहावे. ग्रीसमधील फ्रांख्थी गुहेतील पाती याच रीतीने समुद्रापलीकडील मीलोस बेटाची ठरली. शेतीही ठाऊक नसलेला माणूस नौका हाकीत होता!

परंतु कूळ जुळण्यास मूळ डोंगर शाबूत हवा. येथे भोवतालचा खडक खाणींनी गिळला. हा सुळका तेवढा उरला. २००७ साली महापालिकेने त्यास वारसास्थळ ठरविले, हे बरे झाले.

धाकट्याने खडा होता तेथेच ठेवला.