भिंतीवरची रेषा

बुडापेस्टच्या विमानतळावरून विमान वर उठले तेव्हा सूर्य मावळतीस आला होता. विमान एका बाजूस कलले आणि शहराच्या मधोमध वाहणारी डॅन्यूब नदी क्षणभर सोन्याच्या सरीसारखी चमकून गेली. तिच्यावरील मोठमोठे पूल काड्यांएवढे दिसत होते. मग ढग आडवे आले व सारे दृष्टीआड झाले. खिडकीशी बसलेल्या बाई तरीही बराच वेळ खालीच पाहत राहिल्या. सात दिवस त्या नदीच्या अंगावर त्यांचा मुक्काम होता. आता त्या एकट्याच घरी परतत होत्या.

सांगलीच्या एका शाळेत बाईंनी तीस वर्षे भूगोल शिकविला. शाळा सुटली तरी गावात त्यांना सारे 'बाई' याच नावाने ओळखत. डॅन्यूब जर्मनीतील काळ्या अरण्यात उगम पावते, दहा देशांतून सुमारे २,८५० किलोमीटर वाहते आणि काळ्या समुद्रास मिळते, हे त्यांनी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! जर्मनीत राहणारी त्यांची मुलगी एकदा म्हणाली, "आई, जी नदी तू जन्मभर फळ्यावर काढलीस, ती एकदा डोळ्यांनी पाहा तरी!" तिनेच आग्रह करून पासाऊ ते बुडापेस्ट असा जहाजाचा प्रवास ठरविला होता.

विमानातील दिवे मंद झाले. शेजारचे प्रवासी झोपी गेले. बाईंच्या मिटल्या डोळ्यांपुढून मात्र नदी वाहू लागली.

प्रथम दिसले ते पासाऊ. तेथे डॅन्यूबला दक्षिणेकडून इन व उत्तरेकडून इल्झ अशा दोन नद्या येऊन मिळतात. तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे. ते पाहून बाईंना हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम आठवला होता. पण त्यांचे पाय खिळले ते जुन्या नगरभवनापाशी. त्याच्या भिंतीवर रेषा काढलेल्या आहेत व प्रत्येक रेषेपाशी एक साल लिहिले आहे. त्या त्या वर्षी पुराचे पाणी कोठवर चढले, त्याची ही नोंद. १९५४ ची रेषाच माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तिच्याही वर २०१३ ची होती. १५०१ नंतर एवढे पाणी त्या गावाने पाहिले नव्हते. रस्त्याने जाणारी मुले मान वर करून त्या रेषा पाहत होती. बाई मात्र काही न बोलता पुढे निघाल्या. मुलीने विचारले, "आई, दमलीस का?" त्यांनी नुसतीच मान हलविली.

पुढे जहाज संथपणे चालू लागले. वाटेत नदीवर बंधारे होते. बंधाऱ्याच्या बाजूस एक लांबट, खोल हौद बांधलेला असतो. खाली जाणारे जहाज भरलेल्या हौदात शिरते आणि मागचा दरवाजा बंद होतो. मग हौदातील पाणी हळूहळू खालच्या अंगास सोडतात. पाणी आपल्याच उताराने निघून जाते आणि एवढे थोरले जहाज दोनतीन मजले खाली उतरते. परंतु हातातील पेल्यातले पाणीही डुचमळत नाही. पुढचा दरवाजा उघडला की जहाज आपल्या वाटेने निघून जाते. बाईंना त्यात मोठे कौतुक वाटले.

व्हिएन्ना शहरापाशी त्यांनी एक बेट पाहिले. ते एकवीस किलोमीटर लांब आहे आणि ते माणसांनी केलेले आहे! पुराच्या पाण्यास जागा मिळावी म्हणून १९७२ ते १९८८ या काळात नदीला समांतर असा एक नवा प्रवाह खोदला गेला व निघालेल्या मातीचे हे बेट झाले. पूर नसतो तेव्हा लोक तेथे सायकली फिरवितात, पोहतात. आपल्याकडे पूर येतो हे त्या शहराने मान्य केले आणि त्याच्यासाठी वाट करून ठेवली, हे बाईंच्या मनात ठसले.

शेवटी बुडापेस्ट. तेथील साखळी पूल १८४९ साली खुला झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडविला. लोकांनी तो पुन्हा उभारला आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ साली, तो पुन्हा वाहतुकीस खुला झाला. त्या पुलाच्या जवळच, नदीच्या अगदी कडेला, लोखंडाचे साठ जोडे मांडलेले आहेत. बायकांचे, पुरुषांचे आणि मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतील नाझीधार्जिण्या सशस्त्र लोकांनी ज्यू स्त्रीपुरुषांना व मुलांना तेथे उभे केले, पायांतले जोडे काढावयास लावले आणि गोळ्या घातल्या. नदी त्यांना वाहून घेऊन गेली. ही माणसे मारणारे परके नव्हते. त्याच देशाचे होते. तरीही २००५ साली हे स्मारक भर शहरात, सर्वांना दिसेल असे उभारण्यात आले.

"दुःख दाखविणे सोपे असते," बाईंच्या मनात आले. "पण आपल्या हातून झालेले चारचौघांत दाखविणे किती अवघड!"

आणि मग इतका वेळ दूर सारलेली आठवण त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचे पाणी चढत होते. २००५ च्या महापुरात ते बाईंच्या ओसरीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबले होते. "यंदाही तेथेच थांबेल," असे त्या सर्वांना ठामपणे सांगत राहिल्या. मुलगा म्हणाला, "आई, ट्रंक तेवढी माडीवर नेऊ या का?" त्या म्हणाल्या, "उगीच घाई कशाला?" त्या ट्रंकेत त्यांच्या दिवंगत पतीच्या चाळीस वर्षांच्या रोजनिशा होत्या. रात्रीतून पाणी घरात शिरले. आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्याही वर गेले. आठवड्याने ते ओसरले तेव्हा ट्रंकेत गाळ होता आणि कागदाचा लगदा होता. एक ओळही वाचता येत नव्हती.

भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेषा उमटली होती. बाईंनी दिवाळीपूर्वीच घर रंगवून घेतले; रेषा पुसट दिसली म्हणून रंगाचा दुसरा हातही दिला. पुढे नातू बोलू लागला, मोठा झाला आणि एकदा त्याने विचारले, "आजी, पाणी कुठपर्यंत आले होते?" तेव्हा त्यांनी त्याला अभ्यासाला बसविले होते.

समोरच्या पडद्यावरील नकाशावर एक चिमुकले विमान पूर्वेकडे सरकत होते. बाईंना आता झोप लागली.

मुंबईत विमान बदलाची कटकट नव्हती. तेथून आगगाडीने त्या सांगलीस पोहोचल्या. नातू दारातच उभा होता. "आजी, माझ्यासाठी काय आणलेस?" बाईंनी त्याच्या हातावर चॉकलेटाचा पुडा ठेवला आणि म्हणाल्या, "जा, तुझा निळा रंग आणि कुंचला घेऊन ये."

ओसरीतल्या भिंतीपाशी त्या उभ्या राहिल्या. छातीएवढ्या उंचीवर त्यांनी बोट टेकले. जागा शोधावी लागली नाही. नातवाने खुर्चीवर चढून तेथे एक आडवी रेषा ओढली आणि तिच्यापाशी ठळक अक्षरांत लिहिले: '२०१९'. मग त्याने विचारले, "म्हणजे पुढच्या वेळीही पाणी इथेच थांबेल?"

"नाही रे बाळा," बाई म्हणाल्या. "तीच तर माझी चूक झाली. रेषा एवढेच सांगते की पाणी येथवर आले होते. पुढे किती येईल, ते तिला ठाऊक नसते."

आणि मग, त्याला जवळ बसवून घेऊन, त्यांनी ट्रंकेची गोष्ट पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली.